बगळ्याची सही

डेट्रॉइट
६ मार्च १९९४

प्रिय बगळ्या,

या नावानं तुला हाक मारणारं कुणी उरलंय की नाही, देव जाणे. पत्ता एकसष्ट सालच्या तुझ्या नाताळच्या कार्डावरचा आहे. तू अजून तिथंच असशील असं धरून चाललोय. तू जागचा हलणारा नाहीस, आणि प्रेतं पुरायच्या तुझ्या धंद्याला तर मरणच नाही.

आल्थिया गेली. दोन वर्षं झाली. मुली कॅलिफोर्नियात, आपापल्या संसारात. मी शाळेतून केव्हाच निवृत्त झालो. तीस वर्षं पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवलं, आता ते माझ्या गुडघ्यांना शिकवतंय.

लिहायचं कारण असं की, आपल्यावर सिनेमा निघतोय. आपल्यावर म्हणजे त्या वेळच्या काळ्या वैमानिकांवर. जुन्या वैमानिकांच्या मेळाव्यात ऑब्री कोल नावाचा एक तरुण भेटला, आपल्याच लोकांतला, सिनेमे लिहितो. मग तो इथं घरी आला आणि तीन दिवस माझ्यासमोर टेप ठेवून बसला. आल्थिया गेल्यापासून मी एवढा कधी बोललो नव्हतो. एकदा बोलायला लागलो आणि थांबताच येईना.

टस्कीगीच्या प्रशिक्षण तळावरचं सगळं सांगितलं. पलंगाबाहेर येणारे तुझे पाय, आणि ते बघून सार्जंट म्हणाला होता, "या बगळ्याला तळ्यावर नेऊन सोडा." ते पहिलं एकट्याचं उड्डाण, उतरल्यावर तू जमिनीवर लोळून गवत तोंडात घातलं होतंस ते. तळाजवळच्या मिसेस पिंकस्टनच्या ओसरीवरचे तळलेले मासे आणि मक्याचा पाव. आणि वर्नेल! पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या मुलींत ती टेबलाच्या टोकाला उभी असायची, आणि तू रोज जाऊन सांगायचास, "काल माझ्या पॅराशूटची घडी चुकली होती." शेवटी ती म्हणाली, "चुकली असती तर तू आज सांगायला आला नसतास."

सिनेमात तुझ्यासारखाही एकजण आहे. म्हणजे अगदी तू नव्हे. पण लांब पायांचा, सगळ्यांना हसवणारा. तुला आधी सांगावं असं वाटलं, एवढंच.

वर्नेलला नमस्कार.

तुझा,
रोस्को टॉलिव्हर


हॅचर्स मिल, अलाबामा
१५ मार्च १९९४

अरे मास्तर,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं. अजून तसंच, फळ्यावर लिहिल्यासारखं. मी दुकानात आमच्या चर्चच्या एका म्हाताऱ्या डीकनची दाढी करत होतो. (जिवंत नव्हता. जिवंतांची दाढी मी करत नाही, ते हलतात आणि तक्रारी करतात.) पत्र फोडलं, वाचलं आणि एकटाच खो खो हसलो. डीकन काही बोलला नाही.

आल्थियाचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या लग्नातलं तिचं हसणं आठवतं, घोड्यासारखं, सगळा हॉल तिच्याबरोबर हसायला लागला होता. तू कळवलं असतंस तर मी आलो असतो. अंत्यविधीत मी कामाचा माणूस आहे.

पण तुझं ते शेवटचं वाक्य! "सांगावं असं वाटलं, एवढंच" म्हणे! अरे, माझ्यावर सिनेमा निघालाय आणि तू ते पत्राच्या तळाशी, साबणाचं बिल लिहावं तसं लिहितोस?

मी पत्र वर्नेलला वाचून दाखवलं. तिनं पॅराशूटचा मजकूर दोनदा वाचायला लावला, आणि मग म्हणाली, "मग मला नवी टोपी लागेल." रविवारी चर्चमध्ये मी कुणाला सांगणार नव्हतो. पण प्रार्थना संपल्यावर सिस्टर मोझेल क्रचफील्डनं विचारलं, "क्लियॉन, आज एवढा तरंगत का चाललायस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ही मोझेल ऐंशीची आजी आहे, पण तिला कळलेली गोष्ट जेवणाच्या वेळेपर्यंत जिल्ह्याला कळते.

आता मला नीट सांग. माझं काम कोण करतोय? उंच आहे ना? नाच येतो का त्याला? आणि मी मरतो का? मरत असलो तर शेवटी मरू दे, मध्येच नको. वर्नेल तिथूनच उठून निघून जाईल.

गेल्या पन्नास वर्षांत मला या गावात 'विमानवाला' कुणी म्हटलं नाही. सगळे मला 'पेटवेचा जावई' म्हणतात. सासरे जाऊन वीस वर्षं झाली, तरी.

लवकर लिही.

बगळ्या


डेट्रॉइट
२ एप्रिल १९९४

प्रिय क्लियॉन,

तुझं पत्र वाचून घरात मोठ्यानं हसलो. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक ना म्हणून.

इथं अजून बर्फ आहे. रस्ते निसरडे. भाजी आणायला जाणंही जिवावर येतं. खिडकीतून पाखरांना दाणे टाकतो. एक लाल पाखरू रोज येतं, पण ते फार भांडखोर आहे.

सिनेमाचं म्हणशील तर, अजून काही पक्कं नाही. हे लोक आज लिहितात, उद्या फाडतात. तुझ्यासारखा जो आहे तो कदाचित राहणारही नाही. तेव्हा गावात फार बोलू नकोस. वर्नेलनंही टोपीची घाई करू नये.

थंडी कमी झाली की सविस्तर लिहीन.

रोस्को


हॅचर्स मिल
१० एप्रिल १९९४

मास्तर,

टोपी आली. निळी आहे, पुढं जाळी, वर एक पीस. पंचक्रोशीत तशी टोपी नाही. पास्टरनी वेदीवरून जाहीर केलं की सिनेमा लागेल तेव्हा चर्चची बस काढायची आणि सगळ्यांनी मिळून जायचं. लहान पोरं मला रस्त्यात सलाम ठोकतात. आता बोलू नकोस म्हणतोस, घोडा तबेल्यातून केव्हाच पळालाय.

आणि दुसरं. तू खोटं बोलायला लागलास की कान चोळायचास. सार्जंटनं विचारलं, "खिडकीतून बाहेर कोण गेलं होतं?" तर तुझा कान लाल. पत्रात कान दिसत नाही. पण ज्या माणसानं तीन पानं मासे आणि पॅराशूट लिहिलं, तो एकदम बर्फ आणि पाखरू लिहितो, तेव्हा मला कान दिसतो.

काय आहे ते सांग. मी रोज माणसांना वाईट बातम्या सांगतो, रोस्को. ती कशी सांगतात मला ठाऊक आहे. दार लावायचं, खुर्चीवर बसवायचं आणि एका वाक्यात सांगून टाकायचं.

मी बसलोय खुर्चीवर.

क्लियॉन


डेट्रॉइट
१८ एप्रिल १९९४

प्रिय क्लियॉन,

एका वाक्यात सांगतो. सिनेमात तुझ्यासारखा जो आहे, तो गद्दार आहे.

आता बाकीचं. ऑब्रीनं लिहिलेलं सगळं मला फेब्रुवारीत वाचायला पाठवलं होतं. पुस्तकाएवढं जाड. त्यात आपलं टस्कीगी फार सुंदर आहे. मी वाचताना रडलो. मग तो उत्तरेतला तळ येतो. तिथं अधिकाऱ्यांचे दोन क्लब, एक गोऱ्यांचा आणि एक आपला, आणि आपल्याला गोऱ्यांच्या क्लबात पाऊल टाकायला बंदी. आपण रांगेनं आत शिरलो आणि आपल्याला अटक झाली, तेही आहे. मग तो कागद, "हा नियम मी वाचला आणि मला तो मान्य आहे." एकेकाला आत बोलावून समोर ठेवलेला.

सिनेमात त्याचं नाव लिऑन. पहिल्या दोन वेळेला तो नाही म्हणतो. तिसऱ्यांदा बोलावल्यावर सही करतो. कर्नल त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याला सिगार देतो. आम्हाला बराकीत कोंडलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून लिऑन रोज दुपारी आमच्या डोक्यावरून, छपराला घासेल इतकं खाली विमान आणतो. आम्हाला हिणवायला. आतला एकजण त्याला येशूला विकणाऱ्याचं नाव देऊन म्हणतो, "यहूदा निघाला फिरायला."

सिगार मी सांगितला नव्हता. विमान मी सांगितलं होतं.

तू सही केलीस हे मी त्याला तुझं नाव न घेता सांगितलं, कारण ते घडलं होतं. दुपारी रोज एक विमान यायचं हेही घडलं होतं. ते कुणाचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पण आतले सगळे म्हणायचे, सही केलेल्यांपैकीच कुणीतरी मस्ती करतंय. मी तसंच सांगितलं. त्या पोरानं दोन गोष्टी एकत्र शिवल्या.

पहिल्याच पत्रात हे लिहायचं होतं. पेन तिथं पोचेपर्यंत मासे आले, वर्नेल आली, आणि मला तुझ्याशी बोलायला इतकं बरं वाटत होतं की पुढं जाववलं नाही. मग तुझं ते टोपीचं पत्र.

मी ऑब्रीला कळवलंय की लिऑन काढून टाका, नाहीतर माझं नाव काढा. त्याचं उत्तर यायचंय.

तू आता काहीही लिहिलंस तरी चालेल. पण लिही.

रोस्को


हॅचर्स मिल
३० मे १९९४

रोस्को,

मी वर्नेल. तुझी दोन्ही पत्रं आली, मागाहूनचं लहानसंही. क्लियॉन लिहीत नाही म्हणून मी लिहितेय, आणि त्याला न सांगता.

तो मागच्या कामाच्या खोलीत असतो. पेट्यांच्या झाकणांना रंधा मारतो. पेट्या हल्ली तयार येतात, त्यांना रंध्याची गरज नसते. मी काही विचारत नाही. गेल्या रविवारी चर्चला आला नाही, म्हणाला पाठ धरलीय. त्याची पाठ माझ्यापेक्षा सरळ आहे.

मी तुझ्यावर रागावले होते. अजून थोडी आहे. बेचाळीस सालापासून तुम्हा दोघांना ओळखते मी. तुमच्या दोघांच्या पॅराशूटच्या घड्या मी घातल्यात, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. तुम्ही पुरुष युद्धाच्या गोष्टी एकमेकांना सोडून बाकी जगाला सांगता. तू सिनेमावाल्याला तीन दिवस सांगितलंस. क्लियॉन मेलेल्यांना सांगतो. मी दाराबाहेरून ऐकलंय. एकदाही तुम्ही एकमेकांना विचारलं नाहीत.

नाताळची कार्डं कुणी बंद केली? तो म्हणतो तू. मला वाटतं दोघांनीही वाट बघितली, आणि टपालखात्यावर ढकललं.

त्याला पुन्हा लिहू नकोस. त्याला त्याच्या वेळेनं लिहू दे. एवढंच सांगायचं होतं.

टोपी मी परत केलेली नाही.

वर्नेल


हॅचर्स मिल
१२ जून १९९४

रोस्को,

वर्नेलनं तुला लिहिलं हे मला ठाऊक आहे. तिनं पाकीट माझ्याच टेबलावरून घेतलं आणि वर माझंच तिकीट लावलं.

रागावलो होतो. तुझ्यावर कमी, त्या सिगारवर जास्त. पण रंधा मारून मारून माणूस किती मारणार? आता दार लावून बसलोय आणि सगळं नीट सांगतो.

मी सात वर्षांचा असताना आमच्या कापसाच्या शेतात एक विमान उतरलं होतं. कापडी पंखांचं, कसरती करणाऱ्या गोऱ्याचं. त्यानं गावातल्या गोऱ्या पोरांना फिरवून आणलं. मी कुंपणापाशी उभा. तो तेल भरायला गेला तेव्हा मी जाऊन पंखाला हात लावला. पंख गरम होता, आणि वाऱ्यानं आतून थरथरत होता, जनावराच्या पाठीसारखा. बस्स, तेवढंच. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. मला समाजाची मान उंच करायची नव्हती. गोऱ्यांना काही दाखवून द्यायचं नव्हतं. ते सगळं तुम्ही बोलायचात आणि मी मान हलवायचो, कारण ते खरंच होतं. पण माझं स्वतःचं असं एकच होतं. मला उडायचं होतं.

त्या क्लबात मी तुझ्या मागोमाग शिरलो. आठवतं ना? तळावरचे जर्मन कैदी कँटीनमध्ये बसून आइस्क्रीम खायचे आणि आपल्याला तिथं मज्जाव. ते बघून माझंही डोकं फिरलं होतं. पहिल्यांदा बोलावलं, मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा कर्नल म्हणाला, "लढाईच्या काळात हुकूम मोडलास तर फासावर जाशील." मी घाबरलो, पण सही केली नाही. मग तो खिडकीकडे बघत, जाता जाता बोलावं तसं म्हणाला, "आणि समजा फाशी नाही झाली, तरी आयुष्यात पुन्हा विमानात बसणार नाहीस." बाहेर एक विमान इंजिन तापवत उभं होतं. मी सही केली.

सिगार वगैरे काही नव्हता. त्यानं कागद फुंकून वाळवला आणि पुढच्याला हाक मारली.

आता त्या रोजच्या विमानाचं. तो मीच होतो, रोस्को.

वळण घेताना मी तुमच्या बराकीवरून खाली यायचो आणि पंख हलवायचो. डावा खाली, उजवा खाली, डावा खाली. वर बसलेल्या माणसाला हात दाखवता येत नाही, हाक मारता येत नाही. त्याच्याकडे तेवढंच असतं. "मी इथं आहे, तुमची आठवण आहे" एवढंच म्हणायचं होतं. चारपाच दिवसांनी वरच्यांच्या लक्षात आलं आणि मला आठवडाभर खाली बसवलं. ते अंगावर घेतलं, कारण मला वाटलं तुम्ही खिडकीशी उभं राहून बघत असाल.

तुम्ही सुटलात त्या दिवशी मी जेवणाच्या रांगेत तुझ्यासाठी जागा धरली होती. तू माझ्याकडे न बघता पुढं गेलास. मी मनात म्हटलं, याला दिसलं, आणि तरीही यानं मला माफ केलं नाही. ठीक आहे, त्याचा हक्क आहे. मग युद्ध संपलं. लढाईवर ना तू गेलास ना मी. विमान कंपनीत नोकरी मागायला गेलो, तर म्हणाले विमानाच्या आत झाडू मारायला माणूस हवाय. सासऱ्यांनी प्रेतं नेणाऱ्या त्यांच्या काळ्या गाडीची किल्ली दिली. पन्नास वर्षं झाली, मी जमिनीला धरून आहे. बाकीच्यांना तर जमिनीखालीच पोचवतो.

एक मागणं आहे. लिऑनला काढू नका म्हणून त्या पोराला सांग. सही मी केली होती. ती राहू दे. तुम्ही नाही म्हणालात म्हणून पुढं तो नियम मोडीत निघाला, हे मी कधी विसरलो नाही, आणि ते खरं दिसायचं तर सही करणाराही दिसला पाहिजे. फक्त सिगार काढा. आणि पंख हलू द्या.

क्लियॉन


डेट्रॉइट
२० जून १९९४

प्रिय बगळ्या,

खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकल्या होत्या.

तुझं पत्र आल्यापासून मी हे एक वाक्य लिहायला बसतो आणि उठतो. आम्हाला काही दिसत नव्हतं, क्लियॉन. फक्त आवाज यायचा. छप्पर हादरायचं, पलंगाशेजारचे पेले खाली पडायचे. तू वरून छप्पर बघत होतास, आम्ही खालून छप्पर बघत होतो, आणि मध्ये एक इंचाचं लाकूड होतं. रांगेत तू माझी जागा धरली होतीस हेही मला कळलं नाही. त्या दिवशी बाहेरचं ऊन डोळ्यांना सोसत नव्हतं. मी खाली बघून चाललो होतो.

पत्र घेऊन बसनं ऑब्रीकडे शिकागोला गेलो, गुडघ्यांसकट. त्याला तुझं पत्र वाचायला दिलं नाही, ते माझं आहे. पण सगळं सांगितलं. त्यानं टेबलावरचा पेला फिरवला. मग म्हणाला, "मिस्टर टॉलिव्हर, मला गोष्टीत एक वाईट माणूस हवा होता, आणि सगळे वाईट गोरेच झाले तर प्रेक्षक कंटाळतात असं मला शिकवलंय." मी म्हटलं, "बाळ, मग माझ्या शाळेत बसायला हवं होतंस."

सिगार गेला. यहूदाही गेला. लिऑन आता सही करतो आणि बाहेर येतो. आणि त्यानं पंख हलवण्याचा प्रसंग लिहिलाय. मला फोनवर वाचून दाखवला. चांगला आहे. दुपारची वेळ, बराकीत आम्ही, वर तू. एवढंच की तो म्हणाला, "चित्रण करणं माझ्या हातात नाही, कापणंही नाही. मी फक्त लिहितो."

परवा स्वप्नात मिसेस पिंकस्टनची ओसरी आली. ती मासे तळत होती, तू दोन खांबांना पाय लावून झोपला होतास, आणि वरून कुणीतरी शिकाऊ पोरगा फार वाईट वळण घेत होता. तू डोळे न उघडता म्हणालास, "शेपूट सांभाळ, बाबा." उठलो तेव्हा घरात माशांचा वास होता, खरंच होता. शेजारणीनं तळले होते.

सिनेमा लागेल तेव्हा मी अलाबामाला येतो. त्या बसमध्ये माझी एक जागा धर.

रोस्को


हॅचर्स मिल
१९ फेब्रुवारी १९९५

मास्तर,

तू इस्पितळातल्या पलंगावर खुबा मोडून पडला आहेस, आणि नर्स तुला वाचून दाखवणार म्हणे. बाई, अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. आणि हा हसायला लागला तर टाके धरा.

काल सिनेमा बघितला. चर्चची बस गच्च भरली होती. तुझी जागा मी धरली होती, तिच्यावर शेवटी कुणीतरी चिकनचा डबा ठेवला. वर्नेलची टोपी इतकी उंच की मागच्या रांगेतल्या डीकन हिग्सनी दोनदा खाकरून दाखवलं. तिनं काढली नाही. पास्टर उभे राहून थिएटरभर सांगत होते, "आमचा ब्रदर क्लियॉन या सिनेमात आहे बरं का!" मी खुर्चीत जेवढं खाली जाता येईल तेवढं गेलो, पण माझे गुडघे वर येतात.

आधी टस्कीगी आलं. ते पिवळं शिकाऊ विमान, ती लाल माती. तुझं काम करणारा पोरगा तुझ्यापेक्षा पुष्कळ देखणा आहे, पण चिडल्यावर तुझ्यासारखाच हनुवटी वर करतो. ते त्याला कुणी सांगितलं?

मग तो तळ आला. लिऑन आत गेला. कर्नल बोलला, खिडकीकडे बघितलं. लिऑननं सही केली. बाहेर येऊन तो धावपट्टीकडे चालत गेला, पाठमोरा, लांब लांब पाय टाकत. आणि मी वाट बघत राहिलो.

पंख नव्हते, रोस्को.

बराक दाखवली, कोंडलेले तुम्ही दाखवलेत, मग एकदम सुटका, आनंद, बँड. लिऑन पुन्हा आलाच नाही. ऑब्रीचा आज सकाळी फोन आला. पोरगा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "चित्रीकरण झालं होतं, सर, फार छान झालं होतं. सिनेमा लांबला म्हणून कापलं." मी म्हटलं, "राहू दे. ज्याला दिसायला हवं होतं त्याला कळलंय." आणि ते खरं आहे.

पण काल तिथं, अंधारात, ते एवढं सोपं नव्हतं. दिवे लागले. आमची दोन रांगा भरून माणसं, आणि कुणी माझ्याकडे बघेना. पास्टर बायबल शोधत होते, जे त्यांनी आणलंच नव्हतं. बाहेर मोकळ्या जागेत बसपाशी आलो, तरी कुणी बसमध्ये चढेना. वर्नेलनं माझा दंड धरला होता, सुटेल की काय म्हणून.

तेवढ्यात सिस्टर मोझेल काठी टेकत समोर आली. तिनं मला खालून वर बघितलं, त्याला वेळ लागतो.

"तो लांब पायांचा तूच ना?"

"हो, सिस्टर."

"देखणा होतास. आता काय झालं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती हसली नाही.

"सही का केलीस?"

रोस्को, त्या क्षणी मला किती उत्तरं सुचली! फाशीचं सांगता आलं असतं. वर्नेलचं नाव पुढं करता आलं असतं. पण मी म्हटलं, "मला उडायचं होतं, सिस्टर. दुसरं कारण नाही."

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "मी गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात अख्खं आयुष्य 'हो मॅडम' म्हणाले. एकदा तर चमचा न चोरता चोरला म्हणून कबूल केलं, कारण थोरली लेक कॉलेजात होती आणि मला ती नोकरी हवी होती. तुझ्यासारखं आभाळ कुठलं मला? तुझी सही निदान एकदाच झाली."

डीकन हिग्स मागून म्हणाले, "मतदानाला नाव घालायला गेलो तेव्हा मला शेतावरून बोलावणं आलं. मालक म्हणाला, नाव परत घे नाहीतर घर सोड. मी घेतलं परत. चार वर्षांनी पुन्हा घातलं, पण तेव्हा घेतलं होतं." त्यांची बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला ठाऊक नव्हतं. मग आणखी एकजण बोलला, गिरणीतला. मग एक बाई, नर्स होती ती, तिनं डॉक्टरला वाचवायला काय खोटं लिहून दिलं ते. पास्टरसुद्धा, रोस्को. त्यांनीही टोपी काढून हातात फिरवत एक गोष्ट सांगितली, ती मी लिहीत नाही.

बसवाला भोंगा वाजवून थकला आणि खाली उतरून ऐकत उभा राहिला. डब्यातलं चिकन तिथंच उभ्या उभ्या संपलं. लोक हसत होते, डोळे पुसत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. जे नाही म्हणाले त्यांचीही नावं निघाली, आदरानं निघाली. तुझंही निघालं. मी सांगितलं तू किती हट्टी होतास ते.

पन्नास वर्षं मला वाटत होतं, कर्नलच्या त्या खोलीत मी एकटाच गेलो होतो. मास्तर, तिथं तर बाहेरपर्यंत रांग होती.

तुझा,
क्लियॉन